चालती रेघ

डॉक्टरीणबाईंनी चारची वेळ दिली होती, म्हणून ही मंडळी अडीचलाच येऊन बसली. 'एका पेशंटबरोबर एकच नातेवाईक' अशी पाटी भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेली होती. मास्तरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि मग सगळ्यांसाठी खुर्च्या ओढल्या.

एरवी या घरातल्या माणसांनी एकत्र कुठे जायचं म्हणजे आधी दोन दिवस भांडण आणि मग एक दिवस अबोला, अशी रीत. या वेळी भांडणच झालं नव्हतं. गेले तीन महिने, म्हणजे आक्काचं रेडिएशन संपल्यापासून, सगळे एकमेकांशी इतके गोड वागत होते की शेजाऱ्यांना काळजी वाटायला लागली होती. शिवणघरात आक्काचे धाकटे भाऊ, म्हणजे मास्तर, बायकोवर ओरडत नव्हते. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, उलटून बोलत नव्हती. आणि दोघांची धाकटी बहीण, जी दुसऱ्या गावी गणित शिकवते आणि घरातल्या प्रत्येकाची चूक पुराव्यानिशी दाखवते, ती फोनवर चक्क "तुम्ही म्हणाल तसं" म्हणू लागली होती. "किरणांचं काम हळूहळू होतं. तीन महिन्यांनी तपासू, तेव्हा कळेल," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते आज कळायचं होतं. आक्काच्या अन्ननलिकेतली गाठ गेली की राहिली, एवढंच.

आक्का स्वतः मात्र खुर्चीत ताठ बसून लोकांचे कपडे बघत होती. त्रेसष्ट वर्षांची बाई, त्यातली चाळीस वर्षं बेतायच्या टेबलापाशी उभी राहिलेली. तिने खडूने रेघ ओढली की मास्तर शिवणार, वहिनी काजं करणार, आणि त्या रेघेबद्दल कोणी चकार शब्द काढणार नाही.

"त्या समोरच्या गृहस्थांचा कोट बघ," ती वहिनीच्या कानात म्हणाली. "डावा मुंढा चढलाय, खांद्याशी ओढतोय."

"आक्का, त्यांचं कोणीतरी आत असेल. बिचारे काळजीत आहेत."

"काळजीत आहेत म्हणून मुंढा चढवायचा?"

वहिनी हसली, पण तिच्या मनात एक धसका होता. तो आजचा नव्हता. साडेचार महिन्यांचा होता.

लग्न होऊन ती या घरात आली त्याला सत्तावीस वर्षं झाली. आल्या दिवसापासून तिला बेतायचं होतं, आणि आल्या दिवसापासून आक्काने तिला काजांवर बसवलं होतं. "तुझी रेघ सरळ येत नाही." एवढं एकच कारण, सत्तावीस वर्षं. त्यावरून दोघींचं बोलणं किती वेळा बंद पडलं याची मोजदाद मास्तरांनीही सोडून दिली होती. मग आक्काला पाण्याचा घोट उतरेना, आणि सगळं भांडण तिथल्या तिथे विरलं. इस्पितळात रोज आक्काबरोबर कोण जाणार, असा प्रश्न निघायच्या आधीच वहिनी चपला घालून दारात उभी होती.

रेडिएशनच्या टेक्निशियन बाईंनी पहिल्याच दिवशी आक्काच्या छातीवर निळ्या पेनने एक उभी रेघ काढली, तिच्यावर फुली, आणि दोन्ही कुशींवर एकेक खूण. "किरण कुठे सोडायचे ते मशीनला हिच्यावरूनच कळतं," बाई दोघींना बजावून म्हणाल्या. "हिला हात लावायचा नाही. पुसट झाली तर आम्हाला सांगा. स्वतः काढू नका."

तीस सिटिंग होती. आठव्यानंतर शनिवार-रविवार आला. उकाडा मरणाचा होता. रविवारी सकाळी आक्का उशीला टेकून पडली होती. डोळे मिटलेलेच होते. ती एकदम म्हणाली, "मी गेल्यावर बेतायच्या टेबलापाशी तूच उभी राहा. दुसरं कोणी नको." एवढं बोलून तिला झोप लागली. वहिनीने तिच्या गळ्याशी घाम पुसायला हात नेला तर मधली रेघ जवळजवळ गेलेली.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आता हे सगळं पहिल्यापासून करायला लावतील, आक्काच्याने ते होणार नाही, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं. कपड्यांवर खुणा करायचं निळं पेन तिने आणलं आणि उरलेल्या ठिपक्यांवरून रेघ पुन्हा ओढली. कोणाला सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यापासून टेक्निशियन बाई आक्काची रेघ पुसून नवी काढू लागल्या. एकदा, दोनदा, चारदा. आपण वाकडी काढली, किरण भलतीकडेच गेले, हे वहिनीला तेव्हाच कळून चुकलं. आणि तेव्हापासून ती आक्काला एकेक घास खाताना बघत होती, तो उतरतो का, अडकतो का, आणि रोज रात्री उशीत तोंड खुपसत होती.

"पुढचा पेशंट," आतून आवाज आला.

चौघेही उठले. दारातल्या नर्सने पाटीकडे बोट दाखवलं.

"आम्ही एकच आहोत," मास्तर म्हणाले आणि आत घुसले.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट केले. धाकटीने मांडीवरची फाईल उघडली. तिने एकतीस प्रश्न लिहून आणले होते, क्रमांक घालून, आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी तीन ओळी सोडल्या होत्या.

"एन्डोस्कोपीत गाठ दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथून तुकडा घेतला होता, त्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत. स्कॅनही साफ आहे."



"दिसत नाही म्हणजे सापडत नाही?" मास्तरांनी विचारलं.

"नाही म्हणजे नाही."

"मग गेली कुठे?"

"जात कुठे नाही हो. किरणांनी आणि औषधांनी त्या पेशी मरतात, मग शरीर त्या साफ करतं."

"म्हणजे आता घरात कुठेच नाही ना?" मास्तर म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर डॉक्टरीणबाईच हसायला लागल्या होत्या.

धाकटीने पेन सरसावलं. "पहिला प्रश्न," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालांचा खोका तिच्यापुढे सरकवला. थोडं थांबून म्हणाल्या, "दुसरा?"

"तो पण तोच आहे," धाकटी म्हणाली.

"मी लपवाछपवी करणार नाही," डॉक्टरीणबाई आक्काकडे वळल्या. "हा आजार परत येऊ शकतो. पहिली दोन वर्षं सांभाळायची, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. घास अडकायला लागला तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच यायचं. पण इतका चांगला परिणाम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आज आनंद करायला माझी काही हरकत नाही."

ही परवानगी मास्तरांनी फारच मनावर घेतली. त्यांनी डॉक्टरीणबाईंशी हात मिळवला, नर्सशी मिळवला, बाहेर येऊन पाण्याचं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाशी मिळवला, आणि मुंढा चढलेल्या त्या गृहस्थांना तर मिठीच मारली. ते गृहस्थ गोंधळून म्हणाले, "आपण?" मास्तर म्हणाले, "काही नाही, काही नाही, तुमचंही चांगलं होईल." मग त्यांनी घरी शिवणघरात फोन लावला आणि नुसतेच हसत राहिले. पलीकडून कारागीर "हॅलो, हॅलो" करत होता. त्याला वाटलं फोन बिघडला. त्याने ठेवून दिला. मास्तरांना त्याचंही हसू आलं.

आक्का सगळ्यांत शेवटी बाहेर आली. तिच्या हातात डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट होता.

"हा काय प्रकार?" धाकटीने नाक पुसत विचारलं.

"खांदा उतरलेला आहे त्याचा. काढून घेतला. उद्या देते म्हटलं."

"डॉक्टरांचा कोट काढून घेतलास?"

"मग काय, असाच घालू देऊ? माझा जीव वाचवलाय त्या बाईने."

यावर धाकटी खुदकन हसली, मास्तर हसले, आणि मग ते हसू कोणाच्याच हातात राहिलं नाही. सत्तावन्न वर्षांचे मास्तर भिंतीला धरून हसत होते. धाकटीने एकतीस प्रश्नांचे कागद हवेत उडवले, मग शिक्षिकेच्या सवयीने खाली बसून क्रमाने गोळा केले, आणि परत उडवले. नर्स दोनदा "शूऽऽ" करून गेली. तिसऱ्यांदा येऊन तीही हसत उभी राहिली.

वहिनीही हसत होती. हसता हसता तिचा आवाज चिरकला, ती भिंतीलगत खाली सरकत बसली आणि रडायला लागली. आनंदाचं रडणं असेल म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग तिचे शब्द ऐकू आले.

"खरं नाहीये हे. रिपोर्ट चुकला असेल. रेघ मी काढली होती."

"कसली रेघ?" धाकटीने विचारलं.

वहिनीने सगळं सांगितलं. रविवार, घाम, पेन. "वाकडी काढली मी. म्हणून तर त्या बाई पुन्हापुन्हा नवी काढत होत्या. किरण भलतीकडे गेले असतील. गाठ लपून बसली असेल कुठेतरी, दिसत नसेल नुसती."

धाकटीला राग चढायला कधी वेळ लागत नाही, आणि तीन महिन्यांच्या गोडव्याने तो आत साठलेला होता. "तुला सांगितलं होतं ना हात लावायचा नाही म्हणून? अगं, तिथे एकेका मिलिमीटरचा हिशोब असतो! शिवणघर आहे का ते, की पुसली रेघ आणि ओढली दुसरी? आणि साडेचार महिने तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस? डॉक्टरांना सांगितलं असतंस तर..."

"माहितेय मला."

"काय माहितेय? मीच यायला हवं होतं आक्काबरोबर. मी म्हणत होतेच."

"मला आनंद झाला होता," वहिनी म्हणाली. ती धाकटीशी बोलतच नव्हती, आक्काकडे बघत होती. "तुम्ही म्हणालात, टेबल तुझं. मला आनंद झाला, आक्का. एकच क्षण झाला, पण झाला. आणि त्याच हाताने मी पेन धरलं. मी मुद्दाम तर नाही ना काढली वाकडी? मी रोज विचारते स्वतःला. मला सांगताच येत नाही."

धाकटीने पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात मास्तर मध्ये उभे राहिले. बायको आणि बहिणी यांच्यामध्ये ते सत्तावीस वर्षांत कधी उभे राहिले नव्हते. अशा वेळी त्यांना नेहमी काहीतरी आठवायचं आणि ते दुसऱ्या खोलीत जायचे.

"धाकटे, गप्प बस," ते म्हणाले. "तिला एकटीला बोलू नकोस."

"का? अजून कोणी काढली?"

मास्तरांनी आक्काकडे पाहिलं, मग छताकडे, मग जिथे दुसरी खोली असायला हवी होती तिकडे. "मी आक्काला आरशासमोर पाहिलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. हातात निळं पेन होतं. मला वाटलं... म्हणजे मला काही वाटलं नाही. तिला कोण विचारणार?"

आता सगळ्यांच्या माना वळल्या. नर्सचीसुद्धा.

आक्काने डॉक्टरांच्या कोटाची बाही उगाचच सारखी केली. ही गोष्ट तिने कोणाला न सांगता वर न्यायचं ठरवलं होतं, आणि आता वर जाणंच लांबलं होतं. त्यामुळे तिची जरा पंचाईत झाली.

"माझा डावा खांदा उतरलाय," ती म्हणाली. "चाळीस वर्षं टेबलावर वाकून आणखी काय होणार? इथल्या पोरींनी रेघ छातीच्या हाडावरून ओढलेली. आरशात बघितलं तर सरळसरळ तिरकी. उतरलेल्या खांद्याच्या माणसाला मधली रेघ अर्धं बोट सरकवून घ्यायची असते, तरच अंगावर सरळ दिसते. शिकाऊ माणसालाही कळतं हे. मी सरळ केली."

"सरळ केलीस?" धाकटीचा आवाज फाटला.

"मग? वाकडी घेऊन रोज चारचौघांत झोपू?"

"किती वेळा?"

"त्या जितक्या वेळा चुकवत होत्या, तितक्या वेळा."

धाकटी कोणाला आधी बोलावं हे न समजून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. आक्काच्या मनात मात्र आता वेगळंच सुरू झालं होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं. आरशासमोर ती मनातून अगदी निश्चिंत होती. पुढे रात्री घसा जळायला लागला, थुंकीही गिळवेना, तेव्हा मात्र एकदोनदा भीती वाटली होती की रेघ त्यांची बरोबर आणि आपलीच चूक असली तर? पण आपली चूक ही गोष्ट तिला इतकी अनोळखी होती की तिने पुढे विचारच केला नाही. आणि इकडे ही बाई फरशीवर बसून तिच्या वाटणीचं रडत होती.

"ऊठ आधी," ती वहिनीला म्हणाली. "आनंद झाला म्हणतेस ना? चांगलं झालं. टेबल दिलं ते काय रडायला दिलं होतं?"

एवढा गोंगाट झाल्यावर समोरचं दार उघडणारच होतं. टेक्निशियन बाई बाहेर डोकावल्या, त्यांनी आक्काला पाहिलं आणि आनंदाने ओरडल्या, "अय्या! चालती रेघ!"

"कोण?" मास्तरांनी विचारलं.

"आमच्याकडे हेच नाव आहे यांचं. आम्ही रेघ काढायची, दुसऱ्या दिवशी ती चालत जाऊन बाजूला उभी! मी विचारलंही होतं, हात लावता का म्हणून. तर म्हणाल्या, मी? छे!"

धाकटीने त्यांचा हातच धरला. "ताई, मला खरं सांगा. रेघ सरकलेली असताना किरण कुठे गेले?"

"जिथे जायचे तिथेच गेले. अहो, रोज सिटिंगच्या आधी मशीन आतला फोटो काढतं. तो पहिल्या फोटोशी जुळवायचा, फरक असेल तितकं पेशंटचं टेबल सरकवायचं, मगच किरण सुरू. रेघ फक्त माणसाला साधारण जागेवर झोपवायला लागते."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, मशीनला तिच्यावरूनच कळतं!" वहिनी उठून उभी राहिली होती.

"तसं नाही सांगितलं तर लोक साबण लावून घासतात हो."

मास्तरांना पुन्हा हसू फुटलं. धाकटी मात्र पुराव्याशिवाय ऐकणारी नव्हती. तिला आकडे हवे होते. टेक्निशियन बाई आत गेल्या आणि आक्काच्या तीस सिटिंगची नोंद घेऊन आल्या. दारातच उभ्या राहून बोट फिरवत वाचू लागल्या.

"दहावं सिटिंग, टेबल आठ मिलिमीटर सरकवलं. अकरावं, आठ. बारावं, आठ. तेराव्याला आम्ही नवी रेघ काढली. चौदावं, परत आठ. पंधरा, आठ... बघा ना, दर वेळी आठच. एका मिलिमीटरचा फरक नाही. आम्हाला त्याचंच नवल वाटायचं."

"हात पक्का आहे माझा," आक्का म्हणाली. तिला थोडं बरं वाटलं.

"पक्का आहे, पण चुकीच्या जागी," धाकटी म्हणाली.

"आणि नववं?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज इतका लहान झाला होता की टेक्निशियन बाईंना वाकून ऐकावं लागलं. "सोमवारचं. मी रविवारी काढली होती, त्यानंतरचं."

बोट वर सरकलं. "नववं... शून्य."

"शून्य म्हणजे नोंद नाही?"

"नोंद आहे. शून्य मिलिमीटर. टेबल सरकवावंच लागलं नाही." टेक्निशियन बाईंनी कागद जवळ घेतला. "आमच्या स्वतःच्या रेघेलाही एक-दोन मिलिमीटर लागतातच. तीसमध्ये शून्य एवढं एकदाच आलंय. ही तुम्ही काढली होती? पेन कुठलं वापरलं?"

वहिनीने मास्तरांचा हात घट्ट धरला होता, इतका की त्यांची बोटं पांढरी पडली. हात दुखत असूनही मास्तर कुठे गेले नाहीत.

आक्काने मनातल्या मनात सोमवारची दुपार पुन्हा पाहिली. आरसा, तेलाचा बोळा, आणि तिने पुसलेली ती रेघ. ती कोणा पोरीसोरीची म्हणून तिने पुसली होती. सत्तावीस वर्षं जिला काजांवर बसवलं तिची होती ती, आणि एका केसाइतकीही चुकलेली नव्हती. आक्काला गलबलून आलं. ते तिने कोणाला दिसू दिलं नसतं, पण दिसलं.

"तुझी बरोबर होती," ती म्हणाली. "वाकडी मी केली. चूक माझी."

कॉरिडॉरमध्ये एकदम शांतता झाली. मघाशी रिपोर्ट ऐकूनसुद्धा एवढी झाली नव्हती. आक्काच्या तोंडून हे वाक्य मास्तरांनी सत्तावन्न वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि धाकटीने तर आपण चुकीचं ऐकलं असं समजून विचारलं, "काय म्हणालीस?"

"परत म्हणणार नाही. आणि टेबल मी परत घेणार आहे," आक्का वहिनीकडे बोट रोखून म्हणाली. "बरी झालेय मी. तू समोरच्या बाजूला उभी राहा. लांब आहे टेबल, दोघी मावतो."

वहिनीने डोळे पुसले. टेक्निशियन बाईंच्या हातातल्या कागदाकडे वळली आणि अगदी अदबीने म्हणाली, "ताई, ते नववं पुन्हा एकदा वाचता का?"

"नववं, शून्य."

"जरा मोठ्याने. यांना घशाचा त्रास झाला होता, कानांवरही परिणाम झाला असेल."

"नववं! शून्य!"

वहिनी हसायला लागली. तीन महिन्यांत कोणी न ऐकलेलं, पोटातून येणारं, बेशरम हसू. मास्तर हसले, धाकटी हसली, मुंढा चढलेले गृहस्थ काहीच न समजता हसले.

"झालं!" आक्का कपाळावर हात मारून म्हणाली. "आता हे मला जन्मभर ऐकावं लागणार!"

म्हणाली, आणि थबकली. गेले सहा महिने ती फक्त 'मी गेल्यावर' म्हणत होती. तिचं तिनेच ऐकलं, आणि तिचा हात कपाळावरच राहिला.

"हो," वहिनी म्हणाली. तिचं हसू अजून थांबलं नव्हतं आणि डोळे पुन्हा वाहायला लागले होते. "जन्मभर. ऐकावंच लागेल."